जब्दीच्या होडीतले मजूर



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात गालील सरोवराच्या काठावरचा एक प्रसंग आहे. तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभू येशू शिमोन व आंद्रिया या भावांना हाक मारतो. थोडे पुढे गेल्यावर जब्दीचे मुलगे याकोब व योहान जाळी नीट करीत बसलेले दिसतात. त्यांनाही हाक येते आणि ते बापाला होडीत सोडून निघतात. या प्रसंगावर आपण कितीतरी प्रवचने ऐकली असतील. पण होडीत बाप एकटा नव्हता. त्याच्याबरोबर मजूर होते, असे संत मार्क जाता जाता सांगतो.

त्या मजुरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते किती होते, त्यांना रोज काय मिळत असे, सरोवरात मासळी मिळाली नाही त्या रात्री त्यांच्या घरी चूल पेटत असे की नाही, यांतले काहीच आपल्याला माहीत नाही. मुलगे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाळे ओढायला बहुधा तेच उतरले असतील. चार कोळ्यांची नावे सगळ्या जगाला पाठ आहेत. त्याच होडीतले मजूर मात्र शुभवर्तमानात एका शब्दापुरते येतात.

आपण चिखल्याच्या किनाऱ्यावर राहणारी माणसे. म्हणून हा एक शब्द आम्हाला अनेक दिवस सतावतो आहे. समुद्र कोणाचा, हा प्रश्न आज आपल्या डहाणू-तलासरी भागात जो तो विचारतो. त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारत नाही. ज्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही, त्याचा या समुद्रात वाटा आहे की नाही?

आपल्या किनाऱ्यावर पहाटे उभे राहिले तर समुद्रावर जगणारे किती प्रकारचे लोक आहेत, ते दिसते. पहिला होडीचा मालक. त्याच्याकडे परवाना आहे, होडीला नंबर आहे, सोसायटीत सभासदत्व आहे, डोक्यावर बँकेचे कर्जही आहे. दुसरा तांडेल, ज्याच्या डोळ्यांवर आणि अंदाजावर होडी चालते. तिसरा खलाशी. आपल्या भागात तो बहुतेक वेळा वारली किंवा दुसऱ्या आदिवासी समाजाचा असतो, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास उचल घेऊन हंगामभरासाठी बांधला जातो. चौथी मासळी विकणारी बाई. ती लिलावात टोपली घेते, डोक्यावर किंवा टेम्पोत घालून बाजार गाठते. पाचवी बोंबील, मांदेली आणि जवळा सुकवणारी. सहावा जाळी शिवणारा म्हातारा. आणि सातवी ती, जिच्याकडे होडी नाही, जाळेही नाही. ओहोटीला ती खडकावर कालवे फोडते, खाजणात निवट्या आणि मुठे पकडते आणि त्यावर घरचे दोन वेळचे कालवण भागवते.

या सात जणांपैकी सरकारी कागदावर मच्छीमार म्हणून किती जण दिसतात? बहुतेक वेळा पहिला, कधीकधी दुसरा. बाकीच्यांचे जगणे समुद्रावर आहे, पण समुद्राच्या हिशेबात ते नाहीत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मिस्सानंतर काही जणांचे अर्ज भरून देण्यासाठी आम्ही आवारात टेबल मांडून बसलो होतो. साठीच्या पुढची एक बाई आली. आम्ही विचारले, "मावशी, व्यवसाय काय लिहू?" ती म्हणाली, "काय नाय, घरीच असते." तिच्या हातांना सुक्या मासळीचा वास होता. आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बोंबील सुकवते. पण तो काय धंदा झाला?" चाळीस वर्षे तिने हेच काम केले होते. या कामावर मुलांना वाढवले होते. तिच्या नावापुढे 'गृहिणी' असे लिहून आम्ही कागद पुढे सरकवला. त्या दिवशी आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते. तिने स्वतःला मोजले नाही, कारण आयुष्यभर कोणीच तिला मोजले नव्हते. आणि न मोजणाऱ्यांत आम्हीही होतो.

कोणी म्हणेल, समुद्र तर सर्वांचा आहे, मग कागद आणि मोजणी हव्यातच कशाला? ज्याच्या अंगात ताकद असेल त्याने मासे धरावेत. ऐकायला हे उदार वाटते. पण ताकद सगळ्यांची सारखी नसते. जे सर्वांचे म्हणून मोकळे सोडले जाते, ते थोड्याच दिवसांत बलवानाचे होते. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिले की, सामायिक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत गेला तर शेवटी कुरणच उरत नाही. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने आयुष्यभराच्या अभ्यासातून उत्तर दिले. गावकरी एकत्र बसून नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, मोडणाऱ्याला दंड करतात, तेव्हा सामायिक गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र त्यांच्या सांगण्यात एक अट होती. ज्यांना नियम पाळायचे आहेत, त्यांना ते करण्यातही वाटा हवा.

आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. डोल जाळ्यासाठी समुद्रात खुंट ठोकून धरलेल्या जागेला आपण कव म्हणतो. कोणाची कव कुठे, हे वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठरते. याच कवींवरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात वाद चालत आले आहेत. दोन्ही बाजूंना गरीब घरे आहेत. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक वसईकडे आहेत आणि शेजारी डहाणूकडे, म्हणून हा वाद आपल्याला परका नाही. एकजण म्हणतो, आमच्या बापजाद्यांनी तिथे जाळे लावले. दुसरा म्हणतो, आमच्या दारासमोरचा समुद्र आमचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही होडीवर जो खलाशी आहे, त्याला कोणी विचारले आहे काय? कव कोणाचीही ठरो, तिच्यात त्याचा वाटा ठरत नाही.

शासनाने नियम केले, तेही आवश्यकच होते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून धरण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, आणि त्याच वर्षी पापलेट हा राज्याचा मासा जाहीर झाला. हे सगळे का करावे लागले? तर मोठ्या जाळ्याने एका रात्रीत उपसलेली मासळी लहान होडीच्या वाट्याला पुढे वर्षभर येत नाही. अंडी घालण्याआधीच पिल्लू पकडले तर उद्या कोणालाच काही मिळत नाही. येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, आपल्या डोल जाळ्यांतही पिल्ले येतात, आणि बारीक पापलेट स्वस्त म्हणून विकत घेणारे आपणच असतो.

तरीही एकच नियम सर्वांना सारखा लागत नाही. पावसाळ्यातली बंदी पाहा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. मासळीला अवधी मिळावा यासाठी ही बंदी योग्यच आहे. मालक त्या काळात होडी ओढून घेतो, इंजिन दुरुस्त करतो, जाळी शिवून घेतो. खलाशाला मात्र त्या दोन महिन्यांत पगार नसतो. तो भातलावणीला जातो, वीटभट्टी बंद असते, उधारी वाढते आणि ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा उचल घ्यावी लागते. बंदीच्या काळासाठी केंद्राची बचत व साहाय्य योजना आहे. पण तिच्यासाठी सोसायटीचे सभासदत्व लागते. खलाशी सभासद नसतो, बोंबील सुकवणारी बाई नसते. मासळी वाचवण्याची किंमत सगळेच मोजतात, तिचा मोबदला मात्र कागद असणाऱ्यालाच मिळतो.

आपल्या तालुक्यांतले अनेक तरुण गुजरातच्या होड्यांवर जातात. पोरबंदर, ओखा, वेरावळ ही नावे आपल्या पाड्यांवरच्या बायकांना तोंडपाठ आहेत. त्या होड्या समुद्रातली सरहद्द ओलांडून गेल्या की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा होडी जप्त करते आणि माणसांना कराचीच्या तुरुंगात टाकते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. विचार करून पाहा. आपल्या पाड्यावरच्या त्या मुलाचे नाव मच्छीमार म्हणून एखाद्या यादीत पहिल्यांदा लागते, ते तो तुरुंगात गेल्यावर. त्याआधी त्याला मच्छीमार कोणी म्हटलेच नव्हते. होडी गेली तर मालकाचे नुकसान किती, ते आकड्यांत सांगता येते. घरचा कमावता माणूस गेला तर ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे?

२०२० च्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, गुजरातच्या बंदरांवरून होड्यांनी घरी परतणाऱ्या खलाशांना किनाऱ्यावर उतरणे कठीण झाले होते. आपले गाव समोर दिसते आहे आणि पाय जमिनीला लावता येत नाही, अशी त्यांची अवस्था झाली. रोगाची भीती खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पण त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आले की, ही आपलीच माणसे आहेत?

आता सर्वांच्या तोंडी असलेल्या विषयाकडे येऊ. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ च्या डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ साली निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला होता. पुढे प्रस्ताव पुन्हा आला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. योजनेनुसार समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे.

बंदर हवे की नको, यावर आपल्याच चर्चमध्ये दोन मते आहेत. कोणाला मुलाच्या नोकरीची आशा आहे, कोणाला जाळ्याची चिंता. आम्ही आज त्या वादात शिरत नाही. पण बंदराला विरोध करणारा असो की पाठिंबा देणारा, एका प्रश्नापासून कोणालाच सुटका नाही. जेव्हा एखादी गोष्ट सर्वांच्या भल्यासाठी म्हणून केली जाते, तेव्हा तिची किंमत कोण मोजतो? आणि नुकसान झालेल्यांची यादी करायला कोणी बसला, तर तो कोणाची नावे लिहील? होड्यांची संख्या मोजणे सोपे असते. खडकावर कालवे फोडणारीची मोजणी कशी करणार? तिचा खडक भरावाखाली गेला तर तिच्याकडे दाखवायला परवाना नाही, सातबारा नाही, पावतीही नाही. तिचा पुरावा म्हणजे तिच्या बोटांवरचे कापल्याचे व्रण.

येथे होडीमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, डिझेल माझे, बर्फ माझा, कर्ज माझे. वादळात होडी फुटली तर बुडतो मी. खलाशी उचल घेऊन मध्येच निघून गेला तर ते पैसेही माझेच गेले. हे खोटे नाही. आपल्या भागातला लहान होडीमालक काही सावकार नव्हे. अनेक घरांत मालक स्वतःच तांडेल असतो आणि त्याची बायकोच मासळी विकते. जो धोका पत्करतो त्याला जास्त वाटा मिळावा, यात अन्याय नाही. पण धोका फक्त पैशाचाच असतो काय? खलाशी आपला जीव घेऊन होडीत चढतो. भांडवल बुडाले तर पुन्हा उभे करता येते. म्हणून मालकाचा वाटा मोठा असावा, हे मान्य करूनही खलाशाचा वाटा शून्य असावा, हे मान्य करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, सगळ्यांनाच मच्छीमार म्हटले तर खोटी नावे घुसतील आणि खऱ्याच्या हातात काहीच पडणार नाही. हाही आक्षेप खरा आहे, असे प्रकार आपण पाहिले आहेत. पण खोटी नावे टाळण्याचा उपाय खरी नावे गाळणे हा नव्हे. कोण खरोखर समुद्रावर जगते, हे गावाला नेमके ठाऊक असते. कार्यालयातल्या टेबलावर जे समजत नाही, ते किनाऱ्यावर पाच माणसे बसली तर एका संध्याकाळी समजते. त्या पाचांत एक खलाशी आणि एक मासळी विकणारी बाई असली म्हणजे झाले.

जगानेही ही गोष्ट मान्य केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत मासे धरणाऱ्यांबरोबर मासे सुकवणारे, विकणारे, किनाऱ्यावर काम करणारे, स्त्रिया आणि पुरुष, सर्वांचा समावेश केला आहे. आपली ख्रिस्तसभाही हेच शिकवत आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की, देवाने ही पृथ्वी व तिच्यातील सर्व काही सर्व माणसांच्या उपयोगासाठी दिले आहे. खासगी मालकीला जागा आहे, पण त्या मूळ हेतूच्या आत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हेच सांगितले.

केरळमधील फादर थॉमस कोचेरी यांचे नाव आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. रिडेम्प्टरिस्ट संघाचे हे धर्मगुरू मच्छीमारांच्या राष्ट्रीय चळवळीचे नेते होते. १९९० च्या दशकात परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने देण्याचे धोरण आले, तेव्हा मच्छीमारांनी देशभर त्याला विरोध केला. फादरांनी उपोषणही केले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. २०१४ साली फादरांचे निधन झाले. परदेशातला एक मोठ्या रकमेचा पुरस्कार त्यांना देऊ करण्यात आला होता, तोही त्यांनी नाकारला. त्या लढ्यात होडीवाले होते, बिनहोडीवाले होते, मासळी विकणाऱ्या बायकाही होत्या. निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र आले होते. समुद्र कोणाला धर्म विचारत नाही, हे आपल्या मांगेला, कोळी, वारली शेजाऱ्यांबरोबर राहताना आपल्यालाही ठाऊक आहे.

आम्हाला सर्वांत अधिक बोचते ती गोष्ट अशी. मोठी जहाजे आम्हाला मोजत नाहीत, मोठे प्रकल्प आम्हाला मोजत नाहीत, अशी आपली तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पण आपण ज्यांना मोजत नाही, त्यांचे काय? मोठ्या ट्रॉलरपुढे आपला होडीवाला जसा लहान ठरतो, तसाच आपल्या होडीवाल्यापुढे खलाशी लहान ठरतो, आणि खलाशाच्या घरात त्याची बायको. वरून येणारा अन्याय आपल्याला लगेच कळतो. आपल्या हातून खाली जाणारा अन्याय मात्र रूढी वाटतो. जो न्याय आपण वरच्याकडे मागतो, तोच खालच्याला दिल्याशिवाय आपल्या मागणीला वजन येणार नाही.

मग आपण काय करू शकतो? फार मोठे काही नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत एक वही ठेवता येईल. तिच्यात होड्यांऐवजी माणसांची नावे लिहावीत. कोण खलाशी आहे, कोणत्या बंदरावर गेला आहे, कोणाच्या होडीवर आहे, घरी कोण आहे. कोण सुकवते, कोण विकते, कोण खडकावर जाते. उद्या आपत्ती आली, भरपाईचा प्रश्न आला, तर निदान आपल्याकडे नावे असतील. आपल्यापैकी जे सोसायटीत आहेत, त्यांनी पुढच्या सभेत बायकांच्या व खलाशांच्या सभासदत्वाचा विषय काढावा. जे होडीमालक आहेत, त्यांनी उचल देताना किती दिले, किती फिटले, हे खलाशाच्या हाती एका कागदावर लिहून द्यावे, आणि बंदीच्या दोन महिन्यांत त्याच्या घरी एकदा तरी डोकावावे. आणि बाजारात जाणाऱ्या आपण सर्वांनी पापलेटचे पिल्लू विकत घेऊ नये.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही पुन्हा त्याच आवारात टेबल मांडून बसणार आहोत. ती मावशी आली, तर या वेळी तिच्या नावापुढे काय लिहायचे, हे आम्ही ठरवले आहे. आपल्या घरात, आपल्या पाड्यावर असे कोणी असेल तर त्यांना बरोबर घेऊन या. जब्दीच्या होडीतल्या मजुरांची नावे आता कोणालाच कळणार नाहीत. चिखल्याच्या होड्यांतल्या माणसांची नावे मात्र अजून विचारता येतील.